मरीयेचा सव्वा महिना

आई, तुम्हाला माती देऊन घरी आलो त्या संध्याकाळी मी हसले. गालातल्या गालात नाही, चांगली मोठ्यानं. शेजारच्या वत्सलाकाकू चहाची किटली घेऊन आल्या होत्या. चर्चच्या मंडळीतल्या बाया सतरंजीवर बसून डोळ्यांना पदर लावत होत्या. त्यांतल्या एकीनं उसासा टाकला आणि म्हणाली, मार्थाबाई आता प्रभूच्या पायाशी निवांत बसल्या असतील. आता तुम्ही आणि निवांत? तुम्ही तिथं पोचल्यापोचल्या कुणाला तरी धरलं असणार आणि विचारलं असणार, की इकडं मेथी कुठं मिळते. हे मनात आलं आणि मला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. तुमच्या विजयनं मला दंडाला धरून आत नेलं. आता अर्ध्या दारव्ह्याला माहीत झालंय, की मार्थाबाईची सून सासू गेल्यावर हसली. बोलू देत. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात, आणि वर मलाच दटावलं असतंत.

पण नुसतं हसू नव्हतं ते. मला हायसं वाटलं होतं, हे तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला सांगू? डिसेंबरपासून तुमच्या छातीतली ती घरघर मी ऐकत होते. भाजी चिरताना ऐकू यायची, मशीनवर ब्लाऊज शिवताना ऐकू यायची, मध्येच थांबली की माझं पायडल थांबायचं. ती एकदाची संपली आणि मला इतकं बरं वाटलं, की पहिले काही दिवस रडायला काही उरलंच नव्हतं. आणि गेलात तरी कशा! दुपारी चहा घेतला, बशी माझ्या हातात दिली, साखर कमी टाकली म्हणालात, आणि कूस बदलली. तेवढंच. शेवटचं बोलणं माझ्या चहाला नाव ठेवणारं. लोक विचारतात, मार्थाबाई शेवटी काय म्हणाल्या? मी सांगते, प्रार्थना म्हणाल्या. माफ करा, पण चहाचं कसं सांगू?

मी नगरकडची. आमच्याकडे नाताळ म्हणजे महिनाभर तयारी, पंचवीसला उपासना, करंज्या-शेवेची ताटं घरोघर, आणि सव्वीसला सगळं घर आडवं. इथल्या माझ्या पहिल्या नाताळात मी दोन दिवसांनी दारावरची कागदी चांदणी उतरवायला स्टूल आणलं, तर तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणालात, "काहून उतरवते? बाई आताच तर बायंतीन झाली." कोण बाई, मी विचारलं. मला वाटलं आळीत कुणी मोकळी झाली असेल. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जशी काही मी रविवारच्या शाळेतही कधी गेले नाही. "मरीया," म्हणालात, आणि माळ्यावरची मोठी परात काढायला लावलीत.

मग डिंक तळता तळता तुम्ही मला तुमचं सगळं शास्त्र सांगितलंत. ते मी पुढं दरवर्षी ऐकलं, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला झारा थांबला होता. "गव्हानीत लेकरू झालं. मेंढके आले, पाहून गेले. दूरदेशचे शहाने मागी लोक आले, सोनं ठेवून गेले. तिले लाडू कोनं आनले? शेक कोनं देला? घरचं बाईमानूस एक नाही जवळ." पाळकसाहेबांनाही तुम्ही हे विचारलं होतंत म्हणे, भर मंडळीसमोर. ते बिचारे गडबडले, आणि म्हणाले की शास्त्रात लाडवांचं काही नाही, पण नियमाप्रमाणे चाळीस दिवस भरल्यावर मरीया बाळाला घेऊन मंदिरात गेली असं आहे. तुम्ही तिथंच बोटांवर हिशेब केलात. म्हणजे तिकडंही सव्वा महिनाच! झालं. तेव्हापासून आपल्या घरचा नाताळ पंचवीसला सुरू व्हायचा आणि फेब्रुवारीच्या तोंडाशी संपायचा.

त्या सव्वा महिन्यात दारव्ह्यात आणि आसपास जी कुणी बाळंत होईल, तिच्या घरी आपला डबा. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, मेथी, गूळ, साजूक तूप. घर बुद्धविहारामागचं असो, मशिदीच्या गल्लीतलं असो, बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं असो. कुणाकडे काय झालं ही बातमी तुम्हाला आठवडी बाजारात मिळायची. भाजीवाल्यांपासून काळी-पिवळीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे तुमचे खबरे. लोक विचारायचे, नाताळ तर होऊन गेला ना मार्थाबाई, मग हे कशाचं? तुम्ही म्हणायचात, "लेकरू झालं न बापा, आता त्याले वाढवा लागते. बारसं करून कोनी लेकरू टाकून देते काय?" बस. याच्यापुढं प्रवचन नाही. मंडळीतल्या एका भावानं सुचवलं होतं, डब्यात एखादं वचन छापलेला कागद ठेवावा, म्हणजे साक्ष होईल. तुम्ही म्हणालात, लाडूत मेथी आहे, तेवढं कडू पुरे. ते बरेच दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. नंतर त्यांच्याच लेकीला मुलगा झाला आणि तुमचा डबा पहिला पोचला.

आता त्या भांडणाकडे येते, जे आपलं अर्धवट राहिलं.

लग्नाला काही वर्षं झाली आणि माझी कूस उजवेना. मग लोकांनी मला जे ठरवायचं ते ठरवून टाकलं. तोंडावर कुणी म्हणत नाही. मी खोलीत आले की बाळाच्या तोंडावरून दुपटं ओढून घेतात, तेवढ्यानं कळतं. बाळंतिणीच्या खोलीत माझ्यासारखीनं जायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. नगरकडेही तेच आणि वऱ्हाडातही तेच, यात प्रांताप्रांताचं भांडण नाही. आणि तुम्ही मला प्रत्येक घरी नेत होतात. नुसतं नेत नव्हतात, डबा माझ्या हातात द्यायचात, स्वतः गुडघे धरून उंबऱ्यापाशी बसायचात. घरचं कुणी बाळ आणून तुमच्याकडे द्यायला लागलं की म्हणायचात, हिच्याजवळ द्या वो, माझे हात थरथरतात. धडधडीत खोटं. संध्याकाळी घरी येऊन त्याच हातांनी, चष्म्याशिवाय, माझ्या मशीनच्या सुईत दोरा ओवायचात.

एका घरात आजीबाईनं बाळ माझ्याकडे दिलं नाही. म्हणाली, आताच झोपलंय. बाळ टक्क डोळे उघडून माझ्याकडे बघत होतं. घरी आल्यावर परात आपटली. म्हटलं, माझी जत्रा भरवायची आहे का तुम्हाला गावोगाव? जे मला मिळालं नाही ते माझ्याच हातात ठेवून मला दाखवायचं, हा कुठला नाताळ? तुम्ही खारका फोडत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुह्यासाठी नाही नेत तुले. त्याइची खोड मोडाची हाये मले."

मी विचारलं, आणि त्यात माझं काय मोडतं ते?

तुम्ही खारका फोडत राहिलात. पुढच्या वर्षी पुन्हा डबा माझ्या हातात, पुन्हा मी भांडले, पुन्हा गेले. लोकांच्या सासवा सुनांशी तांदळातल्या खड्यांवरून भांडतात, आपण दोघी दरवर्षी याच एका गोष्टीवरून भांडलो. विजय बिचारा त्या दिवसांत दुकानातच जास्त बसायचा. तुमच्या मनात होतं तरी काय ते मला कधी कळलं नाही. तुम्हाला खरंच त्या लोकांची खोड मोडायची होती? की तुम्हालाही वाटत होतं, मांडीवर बाळ घेता घेता देवाला माझी दया येईल? हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसरं उत्तर आलं असतं तर मी तुम्हाला माफ केलं नसतं.

पण एक गोष्ट आहे, तीही बोलायची राहिली. स्त्रियांच्या प्रार्थनासभेत मला मधोमध उभं करायच्या, डोक्यावर हात ठेवायच्या, आणि सगळ्या मिळून माझ्यासाठी रडून रडून प्रार्थना करायच्या. मी डोळे मिटून फरशीच्या गारव्याकडे लक्ष द्यायची. एकदा तुम्ही मागून उठलात. म्हणालात, "पुरे झालं. बसू द्या तिले. देवाले एकदा सांगतलं ते ऐकू आलं असन." मला हाताला धरून तुमच्या शेजारी बसवलंत. त्यानंतर कुणी मला उभं केलं नाही. घरात तर तुम्ही माझ्या पोटाबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत, ना देवापाशी, ना माझ्यापाशी, ना विजयपाशी. हे किती मोठं होतं ते मला तेव्हाच कळत होतं. आभार मानावेत असं कितीदा वाटलं. पण सासूचे आभार कसे मानतात ते मला येत नव्हतं, आणि तुम्हाला ते आवडलंही नसतं. म्हणून आता मानते. आता तुम्हाला उठून जाता येणार नाही.

यंदा नाताळच्या उपासनेला तुम्ही विजयच्या खांद्यावर भार टाकून आलात. बाहेर पडवीत मुलांनी गव्हाणीचा देखावा केला होता, तो बघायला तांड्यावरची पूजा नवऱ्याबरोबर मोटरसायकलवरून आली होती. दिवस भरत आलेले, चालताना कमरेवर हात. तुम्ही तिला जवळ बोलावलंत, पोटाकडे एक नजर टाकलीत आणि सांगितलंत, नवीन वर्ष लागलं की होते तुझं, लाडू घेऊन येतो आम्ही. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्हाला चर्चच्या तीन पायऱ्या चढवत नव्हत्या.

जानेवारीत तुम्ही खाटेवरून लाडू केलेत, म्हणजे मी केले आणि तुम्ही चुका काढल्यात. डिंक फुलला नाही, गूळ जास्त झाला, तूप कायले एवढं गरम करते. शेवटी एक तुकडा जिभेवर ठेवून म्हणालात, जमलं. पूजाला पोर झाली ही बातमी आली आणि मी तिचा डबा भरून ठेवला. आणि मग ती दुपार आली.

तुम्हाला माती दिल्यावर वत्सलाकाकूंनी तो भरलेला डबा बघितला. काकू मायाळू आहेत, तुम्हाला माहीतच आहे. आठवडाभर आपल्या घरी चूल पेटू दिली नाही त्यांनी. हळूच म्हणाल्या, तुमच्यात सुतक पाळत नाहीत ते ठीक आहे, पण त्या लोकांच्यात पाळतात गं शीला. मयताच्या घरचं बाळंतिणीला कसं चालेल? आणि तू... तिथं त्या थांबल्या. तो "आणि तू" मला चांगला ओळखीचा आहे. विजयही म्हणाला, या वर्षी राहू दे, कुणी काही म्हणणार नाही. आई, तेव्हाही मला हायसंच वाटलं. सुटले, असं वाटलं. आता कुणी मला हाताला धरून कुणाच्या उंबऱ्यापाशी नेणार नाही. तुम्ही बरोबर होतात म्हणून दारं उघडत होती; मार्थाबाईला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी एकटी गेले तर ती उघडतील की नाही, हे बघायची मला गरजच राहिली नव्हती. डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवला आणि लग्नसराईचे ब्लाऊज शिवायला घेतले.

पण त्या सुटण्याचाही काही दिवसांत कंटाळा आला. मशीनवर बसले की पूजा आठवायची, कमरेवर हात ठेवून चालणारी. आणि हे तुम्हाला ऐकायला गंमत वाटेल: मला तुमचा शब्द वगैरे पाळायचा नव्हता. मला तिचं बाळ बघायचं होतं. कसं आहे, कुणासारखं आहे, केस किती आहेत. इतकी वर्षं तुम्ही मला ओढून नेत होतात असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि आता ओढायला कुणी नाही तर माझाच पाय घरात ठरेना. फेब्रुवारी लागला होता. पूजाचा सव्वा महिना सरत आला होता. एका सकाळी मी डबा काढला, विजयला सांगितलं भात झाकून ठेवलाय, आणि नाक्यावर जाऊन काळी-पिवळीत बसले.

वाटेत सगळं ठरवलं. आत जाऊन मग कुणी दुपटं ओढायचं, कुणी झोपलंय म्हणायचं, हे मला या वेळी नको होतं. जे असेल ते दाराबाहेरच होऊ दे. तांड्यावर पूजाची सासू जमनाबाई अंगणात तूर पाखडत होती. मी कुंपणाच्या बाहेर उभी राहिले आणि म्हणाले, "आत यायच्या आधी सांगते जमनाबाई. आमच्या मार्थाबाई वारल्या. लाडू त्यांच्या देखत केलेले आहेत, पण घर मयताचं आहे. आणि मला मूलबाळ नाही. चालत असेल तर येते. नसेल चालत तर तसं सांगा, मी राग नाही मानणार."

राग नाही मानणार हे खोटं होतं. माझे कान तापले होते.

जमनाबाईनं सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि आत गेली. आतून पूजाचा आवाज आला. याडी, याडी करत ती सासूला काहीतरी विचारत होती. त्यांच्यात आईला तसं म्हणतात. त्यांच्या बोलीतलं पुढचं मला काही कळलं नाही, पण आवाज चढला होता. मी मनात म्हटलं, झालं. डबा कुंपणाच्या खांबावर ठेवावा आणि निघावं. मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला आई, की तुम्ही मला हे सगळं शिकवून मध्येच सोडून गेलात.

जमनाबाई बाहेर आली ती पाण्याचा लोटा आणि कडुनिंबाची डहाळी घेऊन. म्हणाली, पाय पुढं कर. मी केले. चपलांसकट माझ्या दोन्ही पायांवर तिनं पाणी ओतलं, डहाळीनं अंगावर शिंपडलं, डब्यावरही शिंपडलं.

"हे मयतीचं पानी," ती म्हणाली. "मार्थाबाई आमची बी होती."

मी तिथंच उभी. मला वाटलं अजून काही असेल, दुसऱ्या गोष्टीसाठी. मी विचारलं, आणि बाकीचं?

"बाकीचं मले ऐकू नाही आलं," जमनाबाई म्हणाली, आणि परत सुपाकडे वळली.

आत गेले. खोलीत ओव्या-शेपेच्या धुरीचा वास होता. पूजानं मी टेकायच्या आधीच पोर माझ्या हातात दिली, कारण तिला डबा उघडायला दोन्ही हात मोकळे हवे होते. कडू आहे म्हणाली, हसली, आणि दुसरा घेतला. खाता खाता भिंतीला टेकून तिचा डोळा लागला. पोर लालबुंद आहे, डोक्यावर जावळ भरपूर, कपाळाला आठ्या, कुणावर तरी चिडल्यासारखी. थोड्या वेळानं तिनं माझ्या साडीवर शू केली. मी कोपऱ्यातला लंगोट घेऊन बदलला आणि तिला पुन्हा मांडीवर घेतलं. बाहेर सुपाचा आवाज चालू होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. आधी प्रत्येक घरी मी मनात धरून असायचे, की कुणी मागायच्या आत बाळ परत द्यायचं. तसं या वेळी काही केलं नाही. पोर झोपली, तिची आई झोपली, मी बसून राहिले.

आपल्या भांडणात तुम्ही जिंकलात, असं मी अजूनही म्हणणार नाही. त्या सगळ्या घरांत मला दुखलं होतं, आणि ते तुम्हाला दिसत होतं. पण एक खरं सांगते, तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले. त्या खोलीत होते तेवढा वेळ मला तुमची आठवण आली नाही. मी तिथं मार्थाबाईची सून म्हणून बसले नव्हते, कुणाच्या मागून आले नव्हते. पोर माझ्या मांडीवर होती आणि मी तिच्याकडे बघत होते, एवढंच होतं. तुमची आठवण आली ती परतीच्या काळी-पिवळीत. तेव्हा मात्र मी दारव्हा येईपर्यंत रडले, चांगली हुंदके देऊन, ड्रायव्हरनं गाणं बंद केलं इतकी. मग बाजारापाशी उतरले, तोंड पुसलं, आणि डिंक घेतला.